बोर्ड सगळं विसरलं तेव्हा

ती जिन्यावरून धावत खाली आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती, केसांत पेन्सिल खोचलेली होती आणि तोंडात एकच प्रश्न होता.

"मेन स्विच कोणी पाडला?"

मीटरच्या खोलीच्या दारात दोन माणसं उभी होती. एक तिचे बाबा. हातात बॅटरी, चेहरा चुन्यासारखा पांढरा. दुसरा एक अनोळखी तरुण. नाकाच्या शेंड्यावर वंगणाचा काळा ठिपका, केसांत जळमटं, शर्टाची बाही कोपरापाशी टरकलेली. त्याच्या पाठीवर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं नाव होतं आणि तो धापा टाकत होता.

बाबांनी तोंड उघडलं. "मुंगी, अगं ते—"

"मी पाडला," तो तरुण म्हणाला.

बाबांनी गर्रकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या जोरात, की तिला वाटलं, आता हे त्याच्या कानाखाली आवाज काढणार. पण बाबांनी हातातली बॅटरी नुसती घट्ट धरली. मग तिनंच सुरुवात केली.

"तुम्हाला लाज वाटते का? वर मी संगणकाचं फर्मवेअर बदलत होते. अर्ध्यावर होतं! मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं होतं स्क्रीनवर... काहीही झालं तरी संगणक बंद करू नका! वीज येईल म्हणून जरा थांबलेसुद्धा!"

"मग... बंद झाला?"

"नाही, नाचतोय!"

त्याच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यानं तो लगेच जागेवर आणला. "चूक झाली. लिफ्टचा पाडायचा होता, इमारतीचा पडला. चला, वर बघू."

"तुम्हाला कळतं त्यातलं?"

"नाही. पण बॅटरी धरता येते." असं म्हणून त्यानं बाबांच्या हातातली बॅटरी हळूच काढून घेतली, आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. का ठेवला, ते तिला कळलं नाही. त्या घटकेला तिला काहीच कळत नव्हतं.

गोष्टच तशी होती. तिनं चांगली नोकरी सोडली होती, मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायला. विसरभोळ्या हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक. सगळ्या प्राण्यांना हत्तीची स्मरणशक्ती ठाऊक, आणि हे पिल्लू मात्र घराचा रस्ताच विसरतं. "नोकरी सोडून हत्ती काढणार?" असं बाबा म्हणाले होते, आणि त्यानंतर बापलेकीत कितीतरी महिने मीठ-साखरेपुरतंच बोलणं उरलं होतं. मग एके दिवशी टेबलावरची पहिली पानं त्यांनी चोरून पाहिली. त्यानंतर ते न बोलता चहा आणून ठेवू लागले, पिल्लाच्या कानांबद्दल मतं देऊ लागले. घरात पुन्हा आवाज आला होता. पुस्तक उद्या प्रकाशकाकडे जायचं होतं. मोठी पानं उघडली की संगणक अडखळायचा, म्हणून तिनं आज, नेमकं आजच, संगणकाच्या मुख्य बोर्डाला नवं फर्मवेअर द्यायला घेतलं होतं.

फर्मवेअर म्हणजे बोर्डाची शुद्ध. ती नसेल तर बाकी सगळा नुसता पत्रा.

लिफ्ट बंद, त्यामुळे चौथ्या मजल्यापर्यंत पायी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हातात स्टूल घेऊन दारातच उभ्या होत्या.

"अरे, तुझा तो हात—" त्या म्हणाल्या.

"काकू, नंतर, नंतर!" लिफ्टवाला त्यांना ओलांडून जवळजवळ पळालाच.

तोवर खाली बाबांनी मेन स्विच पुन्हा वर केला होता. खोलीत दिवा लागला, पंखा फिरला. टेबलाखालच्या काळ्या पेटीचं बटण तिनं दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. आतला एक छोटा पंखा गिरकी घेऊन थांबला. स्क्रीन काळा तो काळाच. ती जमिनीवर फतकल मारून बसली, आणि बसता बसता तिला दिसलं की लिफ्टवाल्याच्या बॅटरीचा झोत टेबलाखाली एका कोपऱ्यात स्थिरावला आहे. तिथे वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारा यूपीएस होता. भिंतीकडे तोंड करून, वायर गुंडाळून, डोक्यावर रंगांचा पेला घेऊन.

"याची वायर...?" त्यानं विचारलं.

तिच्या अंगातून वीज चमकून गेली. अरे देवा! हे तर ती साफ विसरली होती.

"तो सारखा टीं-टीं करायचा," ती पुटपुटली. "चित्र काढताना लक्ष लागायचं नाही... म्हणून मी..."

"बरं."

"हसू नका."

"मी? मी गुन्हेगार आहे. मला हसायची परवानगी नाही."

त्याचे डोळे मात्र परवानगी न घेताच हसत होते. तिनं चटकन पेटीचं झाकण काढायला घेतलं.

बोर्ड शुद्धीवर आणायचा एक शेवटचा उपाय तिला माहीत होता. हे बोर्ड तिनंच निवडून बसवलं होतं आणि तेव्हा मागच्या बाजूला एक इवलंसं बटण असल्याचं वाचलं होतं. पेन ड्राइव्हवर फर्मवेअरची फाइल घ्यायची, ठरलेल्या खाचेत लावायची, आणि ते बटण दाबून धरायचं. मग बोर्ड स्वतःच फाइल वाचून स्वतःला जागं करतं. करतं म्हणे! तिनं कधी करून पाहिलं नव्हतं.

"दुसरा संगणक लागेल, फाइल उतरवायला."

दारात बाबा उभेच होते, आपला जुना लॅपटॉप छातीशी धरून. तिनं तो घेतला. ते म्हणाले, "मी खाली बसतो. मीटरच्या खोलीपाशी. कोणाला हात लावू देत नाही." आणि एक खुर्ची उचलून ती जिन्यावरून खाली नेऊ लागले. चार मजले. या वयात. तिला नवल वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

फाइल उतरली. तिनं बटण दाबलं. शेजारचा छोटा दिवा लुकलुकायला लागला.

"आता?"

"आता काही करायचं नाही. दिवा थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

दोघं पेटीच्या मागे, भिंतीला टेकून, त्या दिव्याकडे बघत बसले. टेबलाखाली जागा इतकीच, की त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागू नये म्हणून तो चमत्कारिक वाकडा बसला होता. वंगणाचा वास... आणि तिच्या हाताला निळा रंग.

"माझ्या लिफ्टचंही हेच झालंय," तो हळूच म्हणाला. "सकाळीच नवं बोर्ड बसवलं. शिकवायला घेतलं होतं, तेवढ्यात वीज गेली. सगळं विसरली."

"लिफ्टला काय शिकवायचं असतं?"

"मजले. नव्या बोर्डाला मजले कुठे असतात हे ठाऊकच नसतं. तळापासून वरपर्यंत अगदी हळू न्यायची. हा पहिला गं बाई, हा दुसरा... तिच्या डोक्यात बसलं, की मग ती चुकत नाही."

"गं बाई म्हणता लिफ्टला?"

"अहो-जाहो केलं तर डोक्यावर बसते."

तिला हसू आलं. त्याच क्षणी तिला स्वतःचाच राग आला. ज्या माणसानं आपलं वर्षाचं काम बुडवलं, त्याच्याशी आपण हसतोय? ती घाईघाईनं गंभीर झाली. "पिल्लू गेलं असेल ना हो?" तिनं विचारलं. "हत्तीचं. सगळं पुस्तक यातच आहे. मी दोन डिस्क लावल्यात, दोन्हींवर एकसारखं उमटतं. एक गेली तरी दुसरी राहते. बाहेर कुठे ठेवावं, असं कधी वाटलंच नाही..."

त्यानं "काही होणार नाही" असं म्हटलं नाही. तो एवढंच म्हणाला, "दिवा थांबला."

स्क्रीन उजळला! ती उडालीच, टेबलाखाली आहोत हे विसरून. डोकं आपटलं. "आई गं!" आणि वर येऊन पाहते तर... काळ्या पडद्यावर एकच ओळ.

सुरू करण्यासाठी डिस्क सापडली नाही.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या घटकेला कळलं. दोन डिस्क. दोन्ही नाहीत. एक गेली तर दुसरी आहे, या भरवशावर झोपलेल्या माणसाच्या दोन्ही उशा कोणी एकदम ओढून घ्याव्यात, तसं.

"थांबा," तो म्हणाला. "गेल्या म्हणजे जळाल्या? की दिसत नाहीत?"

त्या प्रश्नानं ती जरा भानावर आली. खरंच की. नवं फर्मवेअर आलं की बोर्डाचं जुनं सेटिंग पुसलं जातं, हे तिला पाठ होतं. तिनं संगणक पुन्हा सुरू केला आणि यावेळी सेटिंगच्या पानात शिरली. तिथे सगळंच पुसलेलं. पंख्यांचा वेग, सुरू होण्याचा क्रम, तिनं निगुतीनं लावलेलं एकूण एक. घड्याळसुद्धा कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जाऊन उभं.

लिफ्टवाला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "या हिशेबानं आपली भेटच झालेली नाही अजून."

"हं."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर ओरडलाही नाहीत."

"ते मी परत ओरडू शकते," ती म्हणाली. पण मान वळवली नाही, कारण गाल गरम झाले होते.

डिस्कच्या रकान्यात लिहिलं होतं, प्रत्येक डिस्क एकेकटी. तिनं ते बदललं, दोन्ही जोडीनं. त्यासरशी खाली एक नवी ओळ उगवली, नवी जोडी तयार करा. हेच! हेच करायचं राहिलं होतं! तिचं बोट कळीवर गेलं—

आणि त्याच्या हातानं तिचं मनगट धरलं.

"खाली बारीक काय लिहिलंय ते वाचा आधी."

तिनं वाचलं. दोन्ही डिस्कवरचा सर्व मजकूर कायमचा पुसला जाईल.

एका बोटाचं अंतर! हे सगळं तिला येत होतं, झोपेतसुद्धा सांगितलं असतं तिनं. पण घाबरलेल्या बोटाला काही येत नसतं. तिनं मनगटाकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. मनगटावर वंगणाची चार बोटं उमटली होती.

"आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात," तो अडखळत म्हणाला. "घाबरला असाल तेव्हा बटण दाबायचं नाही."

"जोडी तर जुनीच आहे," ती स्वतःशी बोलावं तसं म्हणाली. "ती डिस्कना ठाऊक आहे. बोर्डाला फक्त जोडीनं बघायला सांगायचं. नवी करायचीच नाही." तिनं काहीही तयार न करता सेटिंग जपून ठेवलं आणि बाहेर पडली.

पडदा काळा झाला... आणि काळाच राहिला... आणि मग एकदम, पूर्ण पडदाभर, दोन मोठ्ठे कान!

"आलं! आलं! पिल्लू आलं!" तिनं आनंदानं त्याचा दंड धरून गदागदा हलवला आणि तो कळवळून ओरडला.

टरकलेल्या बाहीखाली कोपर सोलवटून निघालं होतं. रक्त वाळलं होतं. इतका वेळ हा माणूस त्या हातानं बॅटरी धरून बसला होता?

"हे कुठे लागलं?"

"असंच. दाराची कड."

तिनं औषध लावलं, पट्टी चिकटवली. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि ती पट्टीच्या कडा गरजेपेक्षा जास्त वेळ दाबत राहिली.

"येतो," तो म्हणाला. "लिफ्ट वाट बघतेय." दारात थांबला. "खरंच... चूक झाली."

"झालीच," ती म्हणाली. पण त्यात राग शोधूनही सापडला नसता.

तो गेला आणि तिनं पहिल्यांदा पुस्तकाची नक्कल तीन ठिकाणी करून ठेवली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिना चढून, कमरेवर हात ठेवून दारात आल्या.

"कुठे गेला गं तो पोरगा? मलम आणलं होतं. काय धडपडला बिचारा!"

"कुठे धडपडला?"

"अगं, लिफ्टच्या टपावर होता ना तो, दोन मजल्यांच्या मध्ये! वीज गेली नि तिथेच लटकला. आतून ठोकायला लागला. मी दार धरलं, स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा कोपर सोलून घेत बाहेर आला. नि आल्या आल्या खाली पळाला."

तिनं मनात मजले मोजले.

वीज गेली तेव्हा तो लिफ्टच्या टपावर होता. दुसऱ्या मजल्याच्याही वर. मग खाली, मीटरच्या खोलीत, मेन स्विचचा दांडा कोणाच्या हातात होता?

चुन्यासारखा पांढरा चेहरा. गर्रकन वळलेली मान. चार मजले उतरवलेली खुर्ची.

बाबा!

ती धावत बाहेर आली. समोर लिफ्टचं दार संथपणे उघडलं. आत तो, पट्टी लावलेला हात बटणांच्या फळीवर.

"आत येऊ नका. तिला शिकवतोय."

ती आत शिरली. "खोटं का बोललात?"

त्यानं खालचं बटण दाबलं. दार मिटलं. लिफ्ट गोगलगायीच्या चालीनं खाली निघाली.

"काकूंनी सांगितलं," ती म्हणाली.

"काकूंचं स्टूलच घ्यायला नको होतं," तो पुटपुटला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी खाली पोचलो तेव्हा त्यांचा हात दांड्यावरच होता. लिफ्ट अडखळतेय असं वाटून, मदत करायची म्हणून लिफ्टचा स्विच पाडायला गेले, नि चुकून मोठा पाडला. माझ्यावर ओरडतील म्हटलं, तर म्हणाले, 'वर माझ्या मुलीचं काम चालू होतं. आता कुठे बोलायला लागली होती ती माझ्याशी...' आणि तेवढ्यात तुमच्या चपलेचा आवाज आला. एकाच चपलेचा."

तिला हसावं की रडावं कळेना.

"मी काय, उद्या दुसऱ्या इमारतीत," तो म्हणाला. "परक्यावरचा राग विरून जातो. घरच्यावरचा मुरतो. म्हटलं, माझ्यावर घ्यावा."

"आणि मी तुमची लाज काढली..."

"छान बोललात. तोंडावर इतकं खरं कोणी बोलत नाही मला."

"पण ते खोट्यावर बोललेलं होतं!"

"बोलणारी तर खरी होती."

लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली. प्रत्येक ठिकाणी दार उघडायचं, कोणीच नसायचं, दार मिटायचं. ती मुद्दाम बटणांकडे बघत होती आणि तो मुद्दाम दाराकडे. तरी दाराच्या चकचकीत पत्र्यात दोघांची नजर एकमेकांवरच पडत होती.

तळमजल्यावर दार उघडलं. मीटरच्या खोलीपुढे, पहारेकऱ्यासारखे ताठ, बाबा खुर्चीवर बसले होते. दोघांना एकत्र बघून ते उठले.

"सापडलं?"

"सापडलं, बाबा. पिल्लू घरी आलं."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मुंगी... मला तुला काही सांगायचंय. तो दांडा ह्यानं नाही—"

"बाबा, आधी माझं ऐका. यूपीएसची वायर मी काढून ठेवली होती. आवाजाचा वैताग येतो म्हणून. ती असती तर अख्ख्या इमारतीची वीज जाऊनही काही झालं नसतं."

"काय?" बाबांचा आवाज जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत गेला. "आणि मी इथे बसून दुपारभर देवाची माफी मागतोय!"

"मागा की. अर्धी माझ्या वाटणीची."

बाबा हसायला लागले. मग तीही. लिफ्टवाला बाजूला सरकून हत्यारांची पेटी भरू लागला, कारण बापलेकीच्या हसण्यात मध्येच डोळे पुसायची वेळ येणार, हे त्याला दिसत होतं.

तो गेला. परक्यावरचा राग विरतो म्हणाला होता. राग विरला. पण त्याच्याबरोबरचं बाकी काहीच विरेना. मनगटावरची वंगणाची बोटं साबणानं गेली, तरी तिला ती दिसत राहिली.

काही दिवसांनी लिफ्टच्या कंपनीकडे एक तक्रार गेली. लिफ्ट चौथ्या मजल्यावर जरा जास्तच रेंगाळते.

तो हत्यारं घेऊन आला. खालून वर, वरून खाली फिरवून पाहिलं. मग चौथ्या मजल्यावर दार ठोठावलं. नाकावर ठिपका होताच.

"लिफ्ट उत्तम आहे. कुठेच रेंगाळत नाही."

"असं?" ती म्हणाली. "मग तक्रार कोणी केली?"

"तेच मी विचारतोय."

आतून बाबांचा आवाज आला. "मी केली! हिला म्हटलं फोन कर, तर दोन दिवस नुसती फोन हातात घेऊन फिरत होती!"

"बाबा!" ती किंचाळली. लाजेनं तिचे कान पिल्लाच्या कानांएवढे झाल्यासारखे तिला वाटले. काहीतरी करायचं म्हणून तिनं टेबलावरचा कागद उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "हे... शेवटचं पान. पाठवायच्या आधी बदललं. बघायचं असेल तर."

आधी त्या पानावर हत्तीचं पिल्लू दारात एकटंच उभं होतं. आता त्याच्या शेजारी एक उंदीर होता. हातात बॅटरी. नाकावर काळा ठिपका. आणि कोपराला... पट्टी.

तो बघत राहिला. वीज गेली तेव्हा अंधाऱ्या लिफ्टच्या टपावर लटकूनही हा माणूस इतका हबकला नसेल.

"हा... मी?"

"उंदीर आहे तो," ती म्हणाली. "पिल्लाला घराचा रस्ता आठवेना, तेव्हा हा बॅटरी धरून बसला."

"आणि मग? रस्ता सापडल्यावर उंदीर गेला?"

"पुढचं पान नाहीये ना," ती हळूच म्हणाली. "शेवटचंच आहे ते. त्यात तो तिथेच आहे."

त्यानं हत्यारांची पेटी अलगद खाली ठेवली.